अर्ध्या आण्याचं संस्थान

गोंदिया जिल्ह्यात ‘लिलाव’ म्हटलं की आठवतो तो तेंदूपत्त्याचा, रेतीघाटाचा, नाहीतर मामा तलावातल्या मासेमारीचा. बोली किती गेली, ठेका कुणाला सुटला, अनामत कुणाची अडकली, ही इथल्या चहाच्या टपरीवरची रोजची बोलणी. दुसऱ्या एका लिलावाशी मात्र या भागाचा फारसा परिचय नाही. मुंबईत, लंडनला, जिनिव्हाला जुन्या डाक तिकिटांचे लिलाव होतात. त्यांच्या याद्यांत भारतीय संस्थानांच्या तिकिटांमध्ये कधीतरी एक नाव दिसतं : नांदगाव. पुढे दोन-तीन ओळींचं वर्णन, लॉटचा क्रमांक, अपेक्षित किंमत. वस्तू म्हणाल तर बोटाच्या पेराएवढा, कडांना दाते नसलेला कागदाचा तुकडा.

नांदगाव म्हटलं की मराठी माणसाला मनमाडजवळचं नांदगाव आठवतं, अमरावतीकडच्याला नांदगाव खंडेश्वर. हे त्यांतलं कुठलंच नाही. हे राजनांदगाव. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलं की आमगाव, सालेकसा, मग दरेकशाचं जंगल आणि बोगदा, पलीकडे डोंगरगड आणि त्यानंतर राजनांदगाव. अंतर शंभरेक किलोमीटर. डोंगरगडच्या देवीला जाणारे गोंदियाकर आज त्या वाटेने जाताना एक राज्यसीमा ओलांडतात. १८९१ साली त्याच वाटेवर दोन सरहद्दी लागत. भंडारा जिल्हा संपला की खैरागड संस्थान लागे, कारण डोंगरगड खैरागडचं होतं. त्यापुढे नांदगाव संस्थान. यांपैकी नांदगावने स्वतःची डाक तिकिटं काढली. जेमतेम चार वर्षं. त्या चार वर्षांची ही हकीकत आहे, पण ती सुरू करायला थोडं मागे जावं लागेल.

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. औरस वारस नव्हता. डलहौसीने दत्तक नाकारला आणि मार्च १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीच्या मुलखात विलीन केलं. आजचा गोंदिया जिल्हा, तेव्हाचा वैनगंगेकाठचा झाडीपट्टीचा मुलूख, त्या राज्यातच होता. त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबरला अखिल भारतासाठी छापलेली पहिली डाक तिकिटं चलनात आली. म्हणजे या भागातलं भोसल्यांचं राज्य गेलं आणि व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चिठोरा आला, दोन्ही एकाच सालात. योगायोगच, पण डाक-इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला तो विसरता येत नाही.

भोसल्यांच्या काळात इथून पत्रं जात नव्हती असं नाही. राजाचे जासूद जोडीने धावत, सावकारांची स्वतःची महाजनी डाक असे, आणि नागपूरच्या रेसिडेंटसाठी कंपनीचे हरकारे असत. नागपूरहून रायपूरकडे जाणारी जुनी वाट साकोलीवरून या जिल्ह्यातल्या अर्जुनी, देवरीमधून जाते. इंग्रजांनी पुढे तिचा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ केला. अर्जुनी नावाची गावं दोन; त्यातलं जे या सडकेवर पडलं ते ‘सडक अर्जुनी’ झालं, दुसरं ‘अर्जुनी मोरगाव’ राहिलं. एका रस्त्याने गावाच्या नावात कायमचा मुक्काम ठोकला. आज त्याच वाटेवरून महामार्ग जातो आणि ट्रकवाल्यांना हरकाऱ्यांची याद असण्याचं काही कारण नाही.

१८५४ च्या तिकिटांनी बदललं ते दराचं गणित. तोवर टपालाचा आकार अंतरावर ठरे. मैल वाढले की पैसे वाढत. आता पाव तोळ्याच्या आतलं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागलं. अर्धा आणा निळा, एक आणा तांबडा, दोन आणे हिरवा, चार आणे निळा-तांबडा. दोन आण्यांचं वगळता बाकीची कलकत्त्याला सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलिए यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर निघाली. चार आण्याचं तिकीट दोन रंगांत दोनदा छापावं लागे, आणि त्यात काही वेळा राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. त्या उलट्या डोक्याच्या मोजक्याच प्रती आज जगात शिल्लक आहेत. त्यांतली एखादी बाजारात आली की जगभरचे संग्राहक जागे होतात.

त्याहून जुनं ‘सिंध डाक’. १ जुलै १८५२, आशियातलं पहिलं चिकटवायचं डाक तिकीट. ते काढणारे सर बार्टल फ्रिअर सिंधला जाण्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होते, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडे. त्यामुळे या तिकिटाचा थोडासा धागा सह्याद्रीच्या पायथ्याशीही अडकलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

बैलगाडीच्या वाटेचा मुलूख खऱ्या अर्थाने हलला तो रेल्वेने. नागपूर ते राजनांदगाव ही १४९ मैलांची मीटरगेज लाइन १८८२ पर्यंत पुरी झाली. ‘नागपूर-छत्तीसगड रेल्वे’ असं तिचं नाव. छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू बाहेर काढायला ती घातली होती आणि राजनांदगाव हे तिचं शेवटचं ठाणं होतं. १८८७ मध्ये बेंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन घेतली, रूळ ब्रॉडगेज केले, आणि १८९१ च्या फेब्रुवारीत नागपूर-आसनसोल मार्ग मालवाहतुकीला खुला केला. गोंदिया तेव्हा एक लहानसं गाव. त्याला शहर केलं रेल्वेने. पुढे बालाघाट-नैनपूर-जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची नॅरोगेज इथूनच निघाली, नागभीड-चांद्याकडची लाइनही इथूनच, आणि गोंदिया जंक्शन झालं. जंगलातला डिंक इथे उतरे म्हणून ‘गोंद’ वरून गोंदिया, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. तिकिटांच्या शौकिनांना ती आवडायला हवी, कारण कोऱ्या तिकिटाच्या पाठीवरचा डिंक शाबूत आहे की नाही यावर ही मंडळी तासन्‌तास बोलू शकतात.

आता नांदगावचे महंत.

हे राज्य तलवारीने मिळवलेलं नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, छत्तीसगडवर रतनपूरहून बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता तेव्हा, पंजाबकडून प्रल्हाददास नावाचे एक वैष्णव बैरागी शालींचा व्यापार करत रतनपूरला आले आणि तिथेच राहिले. शिष्यपरंपरेने गादी चालली. बैरागी लग्न करत नसत. गुरूची मालमत्ता चेल्याकडे जाई. मालमत्ता वाढत गेली ती सावकारीने. आसपासच्या जमीनदारांना कर्ज द्यायचं, कर्ज फिटलं नाही की जमीनदारी ताब्यात घ्यायची. पांडादाह अशीच आली. भोसल्यांच्या दरबारी महंतांचं वजन होतं, त्यामुळे हे व्यवहार मान्यही झाले. १८६५ मध्ये इंग्रजांनी महंत घासीदासांना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली. घासीदासांनी लग्न केलं, मुलगा झाला, आणि गुरू-चेल्याची गादी बाप-लेकाची झाली. तो मुलगा म्हणजे बलरामदास. मठाचं राज्य कसं झालं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मध्य भारतात दुसरं सापडणं कठीण. भागवतधर्मी माणसाने कर्जाऊ पैसे वसूल करत ८७१ चौरस मैलांचं संस्थान उभं करावं, यातली गंमत मला नेहमी खुणावते.

घासीदास १८८३ मध्ये गेले तेव्हा बलरामदास लहान होते. कारभार हाती आल्यावर मात्र त्यांनी आधुनिक राजाला शोभणाऱ्या गोष्टींचा सपाटाच लावला. रायपूर शहराच्या नळयोजनेला पैसा दिला. ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. राजनांदगावात कापडगिरणी उभी राहिली, ती पुढे ‘बेंगाल-नागपूर कॉटन मिल्स’ म्हणून नावाजली. गावात छापखाना आला, त्याचं नाव बलराम प्रेस. संस्थानच्या डाकेची तिकिटंही याच सपाट्यातली.

मध्य प्रांतात त्या वेळी पंधरा मांडलिक संस्थानं होती. बस्तर, कांकेर, खैरागड, कवर्धा, छुईखदान वगैरे. यांतल्या दोनांनीच डाक तिकिटं काढली : संबलपूरकडच्या बामडाने १८८८ मध्ये आणि नांदगावने १८९१-९२ च्या सुमारास. देशभरात अशी हौस केलेली तीस-पस्तीस संस्थानं निघतील. मराठी घराण्यांतही ती होती. आपल्या पुण्याजवळच्या भोरने १८७९ मध्येच अर्ध्या आणि एका आण्याची तिकिटं हाताने ठसे मारून काढली होती. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये तुकोजीरावांचं चित्र असलेलं सुबक तिकीट आणलं. नांदगावची तिकिटं होळकरांच्या शेजारी ठेवली तर लग्नपत्रिकेशेजारी पंचांगाचं पान ठेवल्यासारखी दिसतात. पहिली दोन, निळा अर्धा आणा आणि गुलाबी दोन आणे, शिळाछापाची. नंतरची बलराम प्रेसमधली, खिळ्यांची. कडांना छिद्रं नाहीत, कात्रीने कापून घ्यायची. काहींवर लंबगोलात ‘एम. बी. डी.’ ही अक्षरं जांभळट शिक्क्यासारखी उमटवलेली असतात : महंत बलराम दास. सूचीकार त्यांना संस्थानच्या सरकारी कामाची तिकिटं मानतात.

या तिकिटांची सत्ता किती? संस्थानच्या वेशीपर्यंत. पतियाळा, ग्वाल्हेर, नाभा, जिंद, फरीदकोट, चंबा या सहा संस्थानांनी इंग्रज सरकारशी करार केले होते. त्यांच्या नावाचा ठसा मारलेली ब्रिटिश तिकिटं देशभर चालत. बाकीची संस्थानं तशी भाग्यवान नव्हती. नांदगावचा अर्धा आणा नांदगावच्या खेड्यापाड्यांत चाले. पत्र त्यापुढे जायचं तर राणीचं तिकीट हवंच. राजनांदगावच्या बाजारातल्या अडत्याने गोंदियाच्या व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र महंतांच्या तिकिटावर दरेकशाचा बोगदा ओलांडू शकत नव्हतं. गाडी तीच, रूळ तेच, थैलीही कदाचित तीच. पण कागदाचा अधिकार डोंगरगडच्या अलीकडेच संपे.

म्हणून ज्या पाकिटावर दोन्ही तिकिटं शेजारी-शेजारी असतील, महंतांचंही आणि राणीचंही, दोन्हींवर शिक्के असतील आणि मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असेल, ते पाकीट म्हणजे त्या काळाचा नकाशाच. कुणाचं राज्य कुठे संपतं आणि कुणाचं सुरू होतं, हे एका तळहाताएवढ्या कागदावर लिहिलेलं असतं. कुठल्याही संस्थानाची अशी जोडतिकिटांची पाकिटं संग्राहक जिवापाड जपतात.

इथे एक उलटा हिशोब सांगायला हवा. बाजारात कोरी वस्तू महाग असते, वापरलेली स्वस्त. नांदगावच्या तिकिटांत नेमकं उलटं आहे. कोरी तिकिटं आजही फार दुर्मिळ नाहीत, शौकिनाला परवडतात. खरोखर पत्रावर लागलेलं, खरा शिक्का बसलेलं तिकीट मात्र सूचीतल्या किमतीत कोऱ्याच्या कितीतरी पट असतं. कारण उघड आहे. संस्थान लहान, लिहिता-वाचता येणारे थोडे, डाकेची चार वर्षं. तिकिटं छापली गेली भरपूर, पत्रांवर लागली थोडी.

मग बाकीची गेली कुठे? बरीचशी युरोपात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिकीट-संग्रहाचं खूळ विलायतेत इतकं बोकाळलं होतं की तिकिटं छापणं हाच काही राज्यकर्त्यांना उत्पन्नाचा मार्ग वाटू लागला. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली काही सरकारं एका छपाईदाराशी करार करून दरसाल नवी तिकिटं काढत आणि उरलेला साठा थेट संग्राहकांच्या बाजारात जाई. या प्रकाराला कंटाळून लंडनमध्ये १८९५ साली सट्टेबाज तिकिटांविरुद्ध एक संघटनाच निघाली. भारतीय संस्थानांच्या तिकिटांकडेही त्या काळी याच संशयाने पाहिलं जाई. महंतांनी तिकिटं डाकेसाठी काढली की दलालांसाठी? माझं मत : सुरुवात हौसेची आणि इभ्रतीची. छापखाना आहे, गिरणी आहे, नळ आहेत, मग तिकीट का नको? विक्रीची चव नंतर लागली असावी. नांदगावच्या पुनर्मुद्रणांबद्दल आणि नकलांबद्दल सूचीकार जो सावधगिरीचा इशारा देतात, त्यावरून तरी तसंच वाटतं.

१८९५ मध्ये संस्थानची वेगळी डाक बंद झाली आणि नांदगाव ब्रिटिश डाकखात्यात आलं. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, बलरामदासही गेले. राजवाड्याचं पुढे महाविद्यालय झालं, या घराण्यातल्या दिग्विजयदासांच्या नावाचं. १९५८ पासून तिथे एक मराठी मातृभाषेचे हिंदी कवी शिकवत होते, गजानन माधव मुक्तिबोध. हे विषयांतर आहे, पण राजनांदगावचं नाव घेतल्यावर ते टाळणं मराठी माणसाला जड जातं.

आता लिलावाकडे येऊ. यादीत लॉटचं वर्णन असतं, अंदाजे किंमत असते, कधी राखीव किंमत असते जिच्याखाली वस्तू सुटत नाही. बोली चढते, एकवार, दोनवार, तीनवार होतं, हातोडा पडतो. त्या आकड्यावर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो, हे नवख्याला बिल हातात आल्यावरच कळतं. पूर्वी दालनात बसून हात वर करावा लागे; आता गोंदियात बसून मोबाइलवरून लंडनच्या लिलावात बोली लावता येते. वस्तू मात्र हातात घेऊन, भिंगाखाली धरून पाहता येत नाही, आणि नांदगावसारख्या तिकिटांत सगळी गोम तिथेच असते.

नकला दोन प्रकारच्या. पहिली, तिकीटच खोटं. ती अनुभवी डोळ्याला कागदावरून आणि छपाईवरून कळते. दुसरी जास्त वाईट : तिकीट खरं, शिक्का खोटा. कोरं तिकीट घ्यायचं, त्यावर बनावट शिक्का मारायचा आणि ‘वापरलेलं’ म्हणून कितीतरी पट किमतीला विकायचं. त्याहून पुढची पायरी म्हणजे जुन्या, खऱ्या पाकिटावर ते चिकटवायचं. म्हणून जाणकार आधी शिक्का पाहतो. शिक्क्याची रेघ तिकिटावरून निघून पाकिटाच्या कागदावर सलग उतरते का? मागचा पोचल्याचा शिक्का तारखेने जुळतो का? त्या तारखेला ती रेल्वेलाइन खुली होती का? १८९७ ची तारीख आणि नांदगावचं तिकीट एकत्र दिसलं तर काय समजायचं ते वाचक आता सांगू शकेल. डाक-इतिहासाचा अभ्यास म्हणजे निम्मा हा असा, पोलिसी तपासासारखा.

किमतींचे आकडे ऐकायला सर्वांनाच आवडतात, तेव्हा दोन सांगतो. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एका सेंटचं किरमिजी तिकीट, जगात एकच प्रत. १८७३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने ते घरच्या जुन्या पत्रांतून शोधून सहा शिलिंगांना विकलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ८३ लाख डॉलर आले. त्याचे कोपरे कापलेले आहेत, रंग विटलेला आहे, वर शाईने कुणा कारकुनाची सही आहे. वापरलेलंच तिकीट. दुसरा आकडा आपल्याकडचा. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट ‘सर्व्हिस’ असा ठसा मारून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी फक्त शंभर नग काढलं होतं. त्याच्या चार नगांच्या एका पट्टीला २०१७ मध्ये पाच लाख पौंड मिळाले. अपरिग्रहाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या चित्राला ही किंमत. असो.

या आकड्यांनी एक नुकसानही होतं. लोकांना वाटतं, मोल फक्त तिकिटाला. मग घरातली जुनी पत्रं काढायची, तिकीट असलेला कोपरा कात्रीने कापायचा, परातीत पाणी घेऊन भिजवायचा, तिकीट सोडवून वहीत लावायचं. मीही शाळेत असताना हेच केलं. पाकिटं चुलीत गेली. ती तिकिटं अजून माझ्याजवळ आहेत, एकेक रुपयालाही कुणी घेणार नाही अशी. पाकिटांवर काय होतं ते आता सांगता येत नाही.

गोंदियाच्या पाकिटांवर काय असू शकतं, ते पाहा. एकाच घराचा पत्ता, माणसं तीच, गल्ली तीच. सुरुवातीला ‘जि. भंडारा, सी. पी.’, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. मग ‘सी. पी. अँड बेरार’. १९५० पासून ‘मध्यप्रदेश’, कारण विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मुंबई राज्य’. १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र’. १५ ऑगस्ट १९७२ नंतर शेवटी ‘४४१६०१’ हा आकडा. पिनकोडची ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, जे संस्कृतचे नाटककारही होते. आणि १ मे १९९९ पासून ‘जि. गोंदिया’. घर एका तसूने हललं नाही, पण पत्ता इतक्यांदा बदलला. ही पाकिटं ओळीने लावली तर शाळेतल्या मुलाला राज्यपुनर्रचनेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. सुटं केलेलं तिकीट यातलं काहीच सांगत नाही. त्याच्यावर फार तर ‘गों’ एवढंच अक्षर उमटलेलं सापडेल.

रेल्वे-डाकेचे शिक्के हा आणखी एक विषय. भारतात १८६३ पासून धावत्या गाडीत पत्रं निवडण्याची पद्धत सुरू झाली, तिचीच पुढे आर.एम.एस. झाली. डब्यात कप्पे, कप्प्यांसमोर उभे कर्मचारी, गाडी हलत असताना शिक्का. त्यामुळे हे शिक्के जरा तिरपे, फरफटलेले असतात, आणि तेच त्यांचं सौंदर्य. गोंदियासारख्या जंक्शनवर, जिथे चारी दिशांच्या गाड्या भेटत, धान, डिंक, लाख आणि बिडीच्या व्यापाराची पत्रं अशा डब्यांतून गेली. ती पत्रं आज कुठे आहेत? काही पेढ्यांच्या माळ्यावर, वह्यांच्या गाठोड्यांत. बरीचशी रद्दीत. रद्दीवाल्याच्या हाताला त्यातलं थोडं लागतं, तिथून ते मोठ्या शहरातल्या दलालाकडे जातं, आणि कधीतरी लिलावाच्या यादीत ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, व्यापारी पत्रव्यवहार, मिश्र लॉट’ अशा मथळ्याखाली उगवतं. गावाचं नावही उरत नाही.

नागपूर राज्याच्या बाबतीत लिलाव हा शब्दच कडवट आहे. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात विकायला उभे केले गेले. जवाहीर कलकत्त्याला गेलं आणि तिथे विकलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सोथबीजच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती परत आणली. चांगलं झालं. तलवारीला वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण त्याच मुलखाचा कागद, पत्रं, पाकिटं, शिक्के रोज किलोच्या भावाने जात आहेत आणि त्यांच्यासाठी बोली लावायला कुणी उभं नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचा, पंचाहत्तर वर्षांहून जुना दस्तऐवज परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. कायदा वेशीवर उभा आहे, पण घरातल्या कात्रीला तो काय करणार?

२०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. तार २०१३ मध्येच संपली होती. म्हणजे ‘रजिस्टर’ची पट्टी लावलेलं कालपरवाचं पाकीटसुद्धा आता डाक-इतिहासात जमा झालं.

तेव्हा गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या पेढीचं किंवा वाड्याचं पत्रांचं गाठोडं निघालं तर ते सुतळीसकट तसंच बाजूला ठेवा. तिकिटं सोडवू नका, पाण्यात घालू नका, पाठीवर काही लिहू नका. पाकीट आणि आतलं पत्र वेगळं करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवा. विकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवता येईल. नांदगावचा निळा अर्धा आणा त्यात निघेलच असं नाही; निघाला, तर आधी पाकीट उलटून मागचा शिक्का वाचा.